खडपावर गरवायला गेलो, पण खरा दिवस गेला चारा पकडण्यात

सुकती_भरती (धागाकर्ता)

दिवाळीत गावी गेलो की एक दिवस गरवायला, म्हणजे गरी टाकून मासे धरायला जायचं, हे आम्हा चौघांचं गेल्या सात-आठ वर्षांचं ठरलेलं. यंदा कार्तिक शुद्ध पंचमी धरली. भाऊबीज आटोपलेली, बहिणी सासरी परतलेल्या, आणि मुख्य म्हणजे बोटवाल्या मित्राला त्या दिवशी पर्यटकांचं बुकिंग नव्हतं. इथे त्याला बाबू म्हणतो. एरवी तो डॉल्फिन दाखवायला माणसं नेतो, पण हाडाचा गरवणारा.

पहाटे पाचला मालवणजवळच्या देवबागेत पोचलो. ज्यांनी देवबाग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. एका घराच्या पुढच्या दारातून समुद्र दिसतो, मागच्या दारातून खाडी.

मी मुंबईहून थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून किलोभर कोळंबी नेली होती. चाऱ्याची, म्हणजे गरीला लावायच्या आमिषाची, चिंता मिटली, अशा ऐटीत डबा पुढे केला. बाबूने झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, "ही तुझ्या सोसायटीतल्या मांजराक घाल. खडपातलो गोबरो असला काय खाणा नाय." (खडप म्हणजे समुद्रातला खडक, गोबरा म्हणजे त्याच्या कपारीत राहणारा मासा.) मग कोपऱ्यातला पाग खांद्यावर टाकला आणि खाडीच्या बाजूला चालायला लागला. मागोमाग रंगाची रिकामी बादली घेऊन मी, बॅटरी घेऊन मन्या आणि काहीच न घेता भाई.

पाग त्याच्या वडिलांनी विणलेला आहे. फेकायची रीत बघायला सोपी वाटते. दोरीचा फास मनगटात, जाळ्याचा एक भाग डाव्या कोपरावर, घेराची एक शिशाची गोळी दातात, उरलेलं उजव्या हातात. कमरेतून वळायचं आणि सोडायचं. बाबूने सोडला की ताटासारखा गोल पडतो, शिसं सगळीकडे एकदम बुडतं. मी सोडला तो केळ्यासारखा पडला आणि जाताना माझ्या शर्टाचं बटण घेऊन गेला. पागायला जाताना बटणांचा शर्ट आणि मनगटावर घड्याळ नको, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. दात वेळेवर सोडायचे, एवढं मात्र सांगितलं होतं.

अर्धी ओहोटी झालेली. खारफुटीतलं पाणी लहान लहान चरांतून खाडीत उतरत होतं आणि त्याबरोबर बारकी मासळीही. बाबू पाण्याकडे बघतच नव्हता, बगळ्याकडे बघत होता. बगळा मान लांब करून एका जागी थिजला की बाबू वाकून, पाय न वाजवता त्या दिशेला. उजाडताना पाण्यावर एका ठिकाणी पावसाचे थेंब पडल्यासारखं दिसायला लागलं. वर आभाळ स्वच्छ. "पेडवे," तो पुटपुटला आणि पाग सुटला.

वर आला तेव्हा जाळं चांदीचं झालेलं. आम्ही तिघं लहान पोरांसारखे ओरडलो, आणि पुढचा कळप त्या ओरडण्याने पळाला. त्यावर ज्या शिव्या मिळाल्या त्या इथे लिहिता येत नाहीत, आवशीपासून सुरुवात होती एवढं सांगतो.

पुढचा दीड तास हेच. पेडवे साधारण तीन-चार ओंजळी आणि बोयची बोटभर पिल्लं चौदा. पेडवे बादलीत गेले की पाच-दहा मिनिटांत उलटे. हात लागला तरी त्यांची खवलं सुटतात. बोय मात्र चिवट, जिवंत राहतात, पण पाणी सतत बदलत राहावं लागतं. ते काम माझ्याकडे. दर थोड्या वेळाने बाबूची हाक, "पाणी बदललंस काय रे?" मला एव्हाना कधी एकदा समुद्रात जातो असं झालेलं. तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "घाय करू नको. चारो गावलो म्हणजे अर्धो मासो गावलो."

आठच्या सुमारास निघालो. कर्लीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि समोरून समुद्राची लाट येत असते, दोन्ही भेटतात तिथे पाणी उभं राहतं. बाबूने इंजिन मंद केलं, तीन मोठ्या लाटा जाऊ दिल्या आणि चौथीच्या आधी सुटला. भाईने डोळे मिटून घेतले होते. तो नाही म्हणतो, पण मी बघितलं.

आमचं खडप भोगव्याच्या पुढे, निवतीच्या बाजूला. पाण्याखाली बुडालेलंच असतं, ओहोटीलाही दिसत नाही. नक्की कुठे ते विचारू नका, सांगितलं तर पुढच्या दिवाळीत बाबू मला बोटीत घेणार नाही. निवतीच्या किल्ल्याचं टोक मागच्या एका झाडाच्या रेषेत आणायचं, आणि दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक रेष. दोन्ही जुळल्या की तिथे सात-आठ वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी आणि खाली खडक. बाबूच्या मोबाइलमध्ये जीपीएसची खूण आहे, पण वडिलांच्या रेषा जुळल्याशिवाय तो नांगर टाकत नाही.

पहिला अर्धा तास काही नाही. पाणी थांबलेलं. बारकी मासळी चारा टोचून टोचून खात होती आणि गरी रिकामी वर येत होती. मी रॉड-रील नेलेला, बाबूकडे प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. तंगूस तर्जनीवर ठेवून तो गप्प बसलेला. सव्वानऊच्या आसपास बोटीची शेपटी हळूहळू वळायला लागली. "पाणी फिरला," तो म्हणाला, आणि खरोखरच कोणीतरी खाली दुकान उघडल्यासारखं झालं.

शेंगाळे ओढतच सुटतात. करकरा आधी दोनदा टकटक करतो आणि मग नेतो. बोटीत पडला की नावाप्रमाणे करकर करत राहतो. गोबरा मात्र एकच दणका देतो आणि थेट कपारीत. पहिले दोन-तीन हात तंगूस जो पटकन वर घेईल त्याचा मासा, नाहीतर खडकाचा.

माझा खडकाचा झाला. जिवंत बोय लावलेली, दणका बसला आणि मी "लागला!" म्हणून बाबूकडे बघेपर्यंत सगळं घट्ट. ओढून उपयोग नाही. बाबू म्हणाला, "सैल सोड. पाच मिनटा इसर तेका." सोडला. खरोखर पाच मिनिटांनी तंगूस सरकायला लागला, म्हणजे मासा बाहेर येत होता. आणि मी परत घाई केली. पुन्हा आत, कपारीच्या धारेवर तंगूस घासला आणि खट्. ह्या एका गोष्टीवरून परतीच्या वाटेवर काय काय ऐकावं लागलं!

बाबूला बोयवरच तांबोशी लागली, पावणेदोन किलोची. एकूण हिशोब: तांबोशी एक, गोबरे तीन (त्यातला एक वीतभर, तो सोडला), करकरे पाच, शेंगाळे सात-आठ, आणि भाईला एक केंड, जो फुगून चेंडू झाला आणि तसाच पाण्यात परत गेला. मन्याला शेंगाळा सोडवताना बोटात काटा गेला, दुपारपर्यंत हात धरून बसला होता. गमावलेला माल: अकरा गऱ्या, नऊ शिसं, एक बटण.

साडेअकराला मतलई (जमिनीवरून येणारा वारा) पडला आणि समुद्रावरून खारा वारा सुरू झाला, तसे परत फिरलो.

घरी आल्यावर बादलीच्या तळाशी उरलेले मेलेले पेडवे टाकायला निघालो तर आईने हात धरला. "ह्यांका गरवूक न्हेलास? येडे काय रे तुम्ही?" रात्री हळदीच्या पानावर त्यांचं तिखलं झालं. तांबोशीही होती ताटात. पण दुसऱ्यांदा वाढून घेतले ते पेडवे.

जाणकारांना दोन प्रश्न: पेडवे जिवंत ठेवता येतात का? आणि खडपात गऱ्या कमी कशा गमवाव्यात?

---

रेवदंड्याची_पोर

मस्त लिहिलंय दादा! तुमचा गोबरा म्हणजे आमचा हेकरू ना? आमच्याकडे गरवणं बहुतेक खाडीतलं. बाबा जिताड्यासाठी जिवंत कोळंबी लावतात. डोक्यातून गरी घालायची असेल तर आत जो काळा ठिपका दिसतो तो टाळून, नुसत्या वरच्या टोकदार शिंगाखालून. ठिपक्याला लागली की कोळंबी लगेच मरते. नाहीतर शेपटीतून. तुमची किलोभर कोळंबी शेवटी कोणी खाल्ली?

सुकती_भरती

हो, हेकरूच. कोळंबी बाबूच्या मांजरीने खाल्ली. सोसायटीपर्यंत पोचलीच नाही.

वरणभात

मी शाकाहारी, पण धागा एका दमात वाचला. एक बाळबोध प्रश्न: चार माणसं, सात तास, पेट्रोल, अकरा गऱ्या. बाजारात हेच मासे केवढ्याला आले असते?

सुकती_भरती

वरणभात, हा हिशोब बायकोने घरी मांडून झालाय. तुमचं दोघांचं जमेल.

तंगूस_पन्नास

गऱ्यांबद्दल सांगतो. अडकतं ते बहुतेक वेळा शिसं, गरी नव्हे. मुख्य तंगूस पन्नासचा असेल तर शिसं बांधायला दहा-बाराचा बारीक तुकडा वापरा. अडकलं की तो तुकडा तुटतो, शिसं जातं, गरी आणि मासा वर येतो. आणि शिसं विकत घेताच कशाला? गॅरेजवाल्याकडून स्कूटरचे जुने स्पार्क प्लग मागून आणा. आमच्या वेंगुर्ल्याकडे काही जण किनाऱ्यावरचा गोटाच सुतळीने बांधतात. गेला तर समुद्राचा दगड समुद्रात गेला.

दुसरं, गोल वळणाच्या गऱ्या वापरून बघा, टोक आत वळलेलं असतं. खडकात कमी अडकतात आणि माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतात. फक्त त्यात झटका द्यायचा नाही, सावकाश ताण आणायचा. तुमचा स्वभाव वाचून शंका वाटते.

प्रवाळ

लेखनशैली छान, पण थोडं खटकलं म्हणून लिहितेय. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा. तिथलं प्रवाळ आधीच पाणी तापून पांढरं पडण्याच्या संकटातून जातंय. अशा धाग्यांमुळे पर्यटक कुठेही नांगर टाकून गरवायला लागतात. एका नांगराने प्रवाळाची जी वसाहत मोडते तिला वाढायला दशकं लागलेली असतात.

सुकती_भरती

ताई, मुद्दा मान्य. आम्ही गेलो ते खडप अभयारण्याच्या बरंच दक्षिणेला आहे. अभयारण्य सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं. नांगराबद्दल मी लिहायला हवं होतं: बाबू खडपावर टाकतच नाही. वरच्या अंगाला रेतीत टाकतो आणि दोर सोडत बोट खडपावर आणतो. त्याचं कारण मात्र पर्यावरण नाही. खडकात अडकलेला नांगर सोडवायला पाण्यात उडी त्यालाच मारावी लागते.

प्रवाळ

कारण काहीही असो, बाबूंना माझ्याकडून धन्यवाद :) आणि लहान गोबरा सोडलात ते उत्तमच. पण मोठ्याचाही विचार करा. गोबऱ्यांच्या बऱ्याच जाती जन्मतः मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर त्यातल्या काही नर होतात. एका खडपावरचे सगळे थोराड मासे उचलले की मागे माद्या उरतात आणि नरच नाही.

तंगूस_पन्नास

हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं गरवतोय.

खाजणातला_कुर्ला

ताई, बरोबर आहे तुमचं, पण गरीने दिवसाला तीन गोबरे धरणाऱ्याला कशाला धरता? रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटींवर धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. आमच्या रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) महिनोन्महिने काही लागत नाही ते गरीमुळे नाही.

प्रवाळ

त्यावर आपलं दुमत नाहीच. तो धागा तुम्ही काढा, रापणीच्या माणसाने लिहिलेलं जास्त खरं असेल.

एक राहिलं. खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या माशाच्या तोंडातून कधीकधी फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं दिसतं. लोक ते वाताशय (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) समजून टोचतात. ते असतं त्याचं पोट. आतली हवा फुगल्यामुळे बाहेर ढकललं गेलेलं. टोचू नका. सोडायचा असेल तर वजन लावून परत खाली न्यावा, पाण्याच्या दाबाने आपोआप आत जातं. नुसता वर सोडला तर तरंगत राहतो आणि घार उचलते.

डॉ_माडबन

मन्याच्या बोटाचं काय झालं? शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, त्याला विष असतं. त्यावर पहिला उपाय गरम पाणी. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, भाजणार नाही हे बघून, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा. हे विष उष्णतेने निकामी होतं, कळ बरीच उतरते. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, चांगल्या हाताने घ्या. काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते बघून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, सूज वाढली तर दवाखाना. बर्फ लावू नका. आणि त्यावर तंबाखू बांधू नका, दरवर्षी एक तरी येतो तसा.

सुकती_भरती

डॉक्टर, तंबाखूच बांधली होती. आता बरा आहे, पण तुमचा प्रतिसाद त्याला पाठवलाय. पुढच्या वेळी थर्मासमध्ये चहाऐवजी गरम पाणी न्यावं म्हणतोय.

डॉ_माडबन

चहाही न्या. दोन थर्मास.

पंचांगवाले_काका

सुकती_भरती, नाव एवढं झकास घेतलंत आणि भरतीचा हिशोब दिला नाहीत! नवीन मंडळींसाठी: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमी म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास मागे किंवा पुढे ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, आणि तेव्हा भांग असल्यामुळे पाण्याला ओढ कमी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. खडपावर उधाणाच्या ओढीत शिसं तळाला थांबत नाही आणि भांगात मासा सुस्त असतो. त्यामुळे पंचमी-षष्ठी चांगली धरलीत.

खाजणातला_कुर्ला

काका, ही पाऊणपट मुंबईला चांगली जुळते. आमच्याकडे तासभर आधी. भरती दक्षिणेकडून वर चढत जाते, मालवणात येऊन मग मुंबईला.

पंचांगवाले_काका

मान्य. म्हणजे तुमच्याकडे पावणेतीनला भरती, आणि ओहोटी संपणार पावणेनऊच्या पुढेमागे. पाणी फिरलं सव्वानऊला. तिथी काही सूर्योदयालाच सुरू होत नाही, अर्धा तास इकडेतिकडे चालायचंच. जमलं की!

मस्कतचा_मालवणी

गोबऱ्याला इथे आखातात हमूर म्हणतात आणि लग्नात जावयाला जपावं तसं त्या माशाला जपतात. चाऱ्याबद्दल: पेडवे जिवंत ठेवायचे तर गोल भांडं हवं. चौकोनी टाकीत ते कोपऱ्यात जाऊन नाक घासत मरतात. तुमची रंगाची बादली आकाराने योग्य, पण लहान. मोठं पिंप, त्यात थोडेच मासे, आणि फिशटँकला असतो तसला बॅटरीवरचा हवेचा पंप. मासा हाताने धरायचा नाही, पागातून थेट पाण्यात झटकायचा. तरी अर्धेच टिकतील.

इथे आम्ही चारा पकडायला पाग नेत नाही. बारीक पिसं लावलेल्या पाच-सहा गऱ्यांची माळ मिळते, ती खालीवर हलवायची. बांगडे, तारले एका वेळी तीन-तीन लागतात. पण खरं सांगू, तुमचा तो बगळा वाचला आणि पागाची आठवण आली. माझ्या आजोबांचा माळ्यावर आहे, उंदरांनी काय ठेवला असेल तो.

रेवदंड्याची_पोर

दादा, सगळं राहू दे, तिखल्याची कृती द्या.

सुकती_भरती

आईला फोन करून विचारली. तिच्या शब्दांत, मापं मागायची नाहीत: पेडवे डोकी काढून धुवून घ्यायचे. मिरची पूड, हळद, मीठ, ठेचलेली लसूण, कोकमं आणि ठेचलेली चार-पाच तिरफळं. तिरफळातली काळी बी काढून टाकायची. खोबरेल सढळ हाताने. सगळं हाताने पेडव्यांना चोळायचं, टोपात खाली हळदीचं पान, वर पेडवे, वर आणखी एक पान. पाणी अगदी वाटीभर. मंद आचेवर, झाकण ठेवून. ढवळायचं नाही, टोप धरून हलवायचा. खोबरं नाही. खोबरं घातलं तर ते तिखलं नव्हे, असं तिने दोनदा सांगितलंय.

वरणभात

यात पेडव्यांऐवजी काय घालता येईल?

खाजणातला_कुर्ला

बांगडे.

सुकती_भरती

काल परत गावाहून आलो, म्हणून धागा वर काढतोय. मस्कतच्या भाऊंचं ऐकून बाबूसाठी बॅटरीवरचा पंप घेऊन गेलो होतो. त्याने तो उलटसुलट करून बघितला, "बरो आसा" म्हणाला आणि आत नेला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बघतो तर बादली तीच, पंप नाही. विचारलं तर म्हणतो, झिलाच्या (मुलाच्या) शाळेतल्या टाकीत रंगीत मासे आहेत, तिथला पंप बिघडला होता, दिला.

"मग बोय कशे जिवंत ऱ्हवतले?" मी विचारलं.

त्याने बादली माझ्या हातात दिली.